शपथ घातलेल्या सायकली

"सगळ्यांच्याच पंक्चर झाल्यात का गं?" मी जीपमधून उतरून विचारलं.

समोरून शाळेच्या दहा-बारा मुली येत होत्या. प्रत्येकीकडे सरकारी योजनेतली सायकल, घंटीपासून कॅरियरपर्यंत नवी कोरी. आणि सगळ्याजणी सायकल हातात धरून चालत होत्या. रस्ता शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणारा. बाजूनं ट्रक, टेम्पो, कंपन्यांच्या बस, आणि कडेनं ही वरात.

"नाय मॅडम, चांगल्या हायेत," पुढची मुलगी म्हणाली. "पण बसायचं नाय. पप्पांनी शपथ घातलीय."

"कुणाची?"

"त्यांचीच. मोठ्या रोडवर सायकलवर बसलीस तर तुला माझी शपथ हाय, म्हणले."

मी रस्ते बांधणाऱ्या सरकारी खात्यात उपअभियंता आहे. मुलांना पायी किंवा सायकलनं शाळेत सुखरूप जाता यावं म्हणून राज्याच्या निधीतून काही रस्ते सुधारायचे होते, त्यातला गाव ते हायस्कूल हा तुकडा माझ्या वाट्याला आला होता. आता साधी गोष्ट बघा. सायकलवर बसलेलं मूल रस्त्याची थोडी जागा घेतं. सायकल हातात धरून चालणारं मूल जवळजवळ दुप्पट घेतं. म्हणजे सायकली मिळाल्यापासून या मुली आधीपेक्षा जास्त रस्त्यावर आल्या होत्या. योजना आखणाऱ्यांच्या हे स्वप्नातही आलं नसेल.

"अगं, पप्पा काय बघायला येणार आहेत?" मी आपलं गमतीनं म्हटलं.

मुलीचं नाव अश्विनी. नववीतली. मी काहीतरी वाईट बोलल्यासारखी ती माझ्याकडे बघायला लागली. "पप्पा ट्रकवर हायेत मॅडम. दिवसभर रोडवरच असतात. मी शपथ मोडली अन् त्यांना काही झालं म्हंजे?"

मला त्या पोरीचं फार कौतुक वाटलं.

बाकीच्यांचा मामला सोपा होता. कैलास, म्हणजे अश्विनीचा बाप, स्वतः ड्रायव्हर. रस्त्याचं त्याला जास्त कळतं, असं गावाचं मत. त्यानं शपथ घातली म्हणून इतर बापांनीही घातली. आणि मध्यंतरी एका टेम्पोचा धक्का अश्विनीच्या हँडलला ओझरता लागला होता. तेव्हापासून कैलासनं ठरवलं होतं की दिवाळीनंतर तिला लासूर स्टेशनला मामाकडे ठेवायचं. तिथं शाळा घराला लागून आहे.

"मला नाय जायचं," अश्विनी घंटीशी चाळा करत म्हणाली.

काम आम्ही झटपट केलं. डांबरी रस्त्याच्या कडेला मातीची जी जागा सुटलेली असते तिला आम्ही साईडपट्टी म्हणतो. ती रुंद केली, मुरूम टाकून रोलर फिरवला, डांबराच्या कडेनं जाड पांढरा पट्टा मारला. गावाच्या अलीकडे रम्बलर टाकले, म्हणजे ते आडवे जाड पट्टे, ज्यांच्यावरून गाडी गेली की ड्रायव्हरचे दात वाजतात आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो. झकास दिसत होतं सगळं. फोटो काढून कार्यकारी अभियंत्यांना, म्हणजे आमच्या साहेबांना पाठवले. त्यांनी अंगठा पाठवला.

आठवडाभरानं संध्याकाळी मुद्दाम चक्कर मारली, तर गावाजवळच्या साईडपट्टीवर ट्रकची रांग. गावातले ड्रायव्हर माल उतरवून घरी आले की गाड्या तिथंच लावत. आधी तिथं खड्डे होते, तरी लावत. आता तर आम्ही रोलर फिरवून दिला होता. पहिल्याच ट्रकच्या काचेवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, 'अश्विनी'.

मी निरोप पाठवून कैलासला बोलावलं. चहा अर्धा टाकून आला बिचारा.

"गाडी तुमची?"

"व्हय मॅडम."

"नाव छान लिहिलंय."

"एकुलती एक हाय," तो लाजून म्हणाला.

"शाळा सुटलीय. जरा थांबा इथं माझ्याबरोबर."

मुली आल्या. साईडपट्टीवरून सरळ आल्या आणि ट्रकची रांग लागली तशा सायकली ढकलत एकेक करून डांबरावर चढल्या. मागून एका कंटेनरनं हॉर्न दिला. अश्विनी आपल्या बापाच्या गाडीला, आपल्याच नावाला वळसा घालून पुढे गेली. तिनं आम्हाला पाहिलं, पण ती थांबली नाही. तिथं थांबायला जागाच नव्हती.

कैलासनं डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. मग म्हणाला, "बरुबर हाय तुमचं. पण दहा टायरची गाडी गावात वळत नाय. लावू कुठं, सांगा."

रागवायची सगळी तयारी करून आलेली मी. पण प्रश्न खरा होता.

उत्तर शेजारीच होतं. आठवडी बाजाराचं पटांगण बाजाराचा दिवस सोडला तर मोकळंच असतं. फक्त मध्ये नाली, तिच्यावरून ट्रक जाणार कसा? दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये.

"मॅडम, काम सायकलींचं आहे. ट्रकला जागा कशाला द्यायची?"

"आपण नाही दिली तर ते सायकलींची घेतात, साहेब."

"एस्टिमेटमध्ये आहे?"

"नाही. पण यार्डात सिमेंटचे पाईप पडून आहेत. नालीत टाकून वर मुरूम भरला की झालं."

साहेबांनी चष्मा काढला. "तुमच्या रिटायरमेंटला अजून किती वर्षं आहेत हो?"

"बरीच आहेत."

"मग माझं काही खरं नाही. टाका पाईप."

ग्रामपंचायतीनं पटांगण द्यायला हरकत घेतली नाही. पाईप पडले, ट्रक आत गेले, साईडपट्टी मोकळी झाली. मी मोठ्या ऐटीत सकाळी पाहायला गेले. मुली आल्या. सायकली हातातच.

"आता काय झालं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"पप्पांनी सुटली म्हणलं नाय अजून," अश्विनी म्हणाली.

ज्यानं शपथ घातली त्यानंच 'सुटली' म्हणायचं, त्याशिवाय ती सुटत नाही. आमच्या कुठल्या कोडमध्ये हा नियम नसला तरी अख्ख्या महाराष्ट्राला तो पाठ आहे. कैलास पटांगणात गाडीचं पाणी बघत होता. मुलींना घेऊन मी तिथं गेले.

"रस्ता झाला, गाड्या हटल्या. आता म्हणून टाका की."

"रस्ता चांगला झालाय," तो म्हणाला. "पण वर केबिनमधून पोरगी दिसती का नाय, ते मला बघू द्या. तुम्ही बसता का सायकलवर?"

"मी?"

"पोरीला कसं बसवू? शपथ हाय ना."

कॉलेज सुटल्यापासून मी सायकलला हात लावला नव्हता. पण दहा-बारा मुली माझ्याकडे बघत होत्या. ओढणी कमरेला बांधली, अश्विनीची सायकल घेतली आणि निघाले. खरं सांगते, नकाशावर रुंदी आखणं वेगळं आणि त्या रुंदीत स्वतः बसणं वेगळं. एक बस उजवीकडून गेली तेव्हा तिच्या वाऱ्यानं माझी सायकल हलली. मी देवाचं नाव घेतलं आणि पांढऱ्या पट्ट्यापासून जरा आत सरकले. आत सरकायला जागा होती, हे बघून जिवात जीव आला. मग लाल नावाचा ट्रक आला, नेहमीच्या वेगानं मला ओलांडून पुढे जाऊन थांबला. कैलास खाली उतरला.

"दिसले का?"

"लांबूनच दिसल्या. लई डुलत होत्या. आमच्या पोरी बऱ्या चालवतात."

"तुम्ही कधी बघितलं?"

"गल्लीत बघतो की रोज," तो हसला. तोवर मुली मागून चालत येऊन पोचल्या होत्या. अश्विनी बापासमोर उभी राहिली. नुसती वाट बघत होती. कैलासनं तिच्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे.

"सुटली," तो म्हणाला. "पण कडेनं जा. अन् एकामागं एक."

सायकल माझ्या हातातून घेऊन ती गेलीसुद्धा. बाकीच्या मुली आपापल्या बापांकडून 'सुटली' आणायला गावाकडे पळाल्या, म्हणून त्या दिवशी शाळेत निम्मा वर्ग उशिरा पोचला. मुख्याध्यापकांचा मला फोन आला. मी माफी मागितली, पण मनापासून नव्हे.

अश्विनी दिवाळीला आईबरोबर मामाकडे गेली आणि भाऊबीज उरकून चकल्यांचा डबा घेऊन परत आली. डब्यातल्या चार माझ्या वाट्याला आल्या.

आता शाळेच्या रस्त्याचं काम निघालं की माझे ज्युनियर टेप घेऊन रस्ता मोजायला पळतात. मी आधी मुलांना गाठते आणि घरून कसली शपथ घातलीय ते विचारते. घातलेली नाही, असं मला अजून एकाही गावात कुणी सांगितलेलं नाही.