सहीचा चेंडू आणि तिसरा चहा

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. कुवेतात हवल्लीतल्या आमच्या जुन्या सामानाच्या दुकानात जसे पाती वाकलेले पंखे आणि झाकणं हरवलेले थर्मास साठत जायचे, तसे हेही साठले. पंखे निदान विकले तरी जायचे. किस्से कोण घेणार? म्हणून आता तुमच्या गळ्यात मारतोय. चौथीत शाळेनं मला सोडलं, त्यामुळे लिहिण्यात काही चुकलंमाकलं तर शाळेला बोला.

दुकान हसनचाचा चालवायचे. बाणकोटचे, पूर्वी गलबतावर तांडेल होते. उस्मान स्वयंपाक करायचा आणि आलेला माल घासूनपुसून ठेवायचा. मी गफूर, गिऱ्हाइकाशी इंग्रजीत बोलायचो. मला इंग्रजी येत होतं असं नाही, गिऱ्हाइकाला मराठी येत नव्हतं म्हणून! आणि अबू सालेम आमचा कफील. दुकानाचा परवाना त्याच्या नावावर, आमचे तिघांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवानेही, त्याच्याच भरवशावर. त्याचा हात डोक्यावर आहे तोवर आम्ही कुवेतात, नाहीतर मुंबईच्या बोटीत.

*

तेल कंपनीतले अमेरिकन मुदत संपली की घरचं सामान आमच्याकडे टाकून मायदेशी जायचे. अशाच एका खोक्यात एक पांढरा चेंडू निघाला, लाल टाक्यांचा. त्यावर शाईनं आडवंतिडवं काहीबाही लिहिलेलं. आम्हाला वाटलं, क्रिकेटचा चेंडू उन्हानं पांढरा पडलाय.

दोन दिवसांनी चेंडूचा मालक धापा टाकत आला. चेंडू चुकून गेला म्हणाला, त्यावर त्याच्या शहराच्या अख्ख्या बेसबॉल टीमच्या सह्या होत्या. उस्माननं मोठ्या अभिमानानं चेंडू पुढे केला. साबण लावून, काथ्यानं घासून, उन्हात वाळवून लखलखीत केलेला.

साहेब चेंडूकडे बघत खुर्चीत बसला तो उठेचना. उस्मान माझ्या कानात म्हणाला, "एवढ्या लोकांनी खराब केलेला मी एकट्यानं साफ केला, तरी याचं तोंड वाकडं."

*

त्या दिवशी आम्हाला कळलं, की चेंडूपेक्षा त्यावरच्या शाईला भाव आहे. पुढचा सहीचा चेंडू आला तेव्हा चाचांनी उस्मानला हात लावू नको म्हणून शपथ घातली. उस्मान हात न लावता राहील? त्यानं धुतलाच. पण या वेळी सह्या जशाच्या तशा! चाचा खूश. म्हणाले, ही पक्की सही, अस्सल माल.

तो चेंडू मिलरसाहेबानं नेला. अहमदीच्या तेल कंपनीतला मोठा माणूस, सगळ्या अमेरिकनांचं सामान त्याच्याच सांगण्यावरून आमच्याकडे यायचं. संध्याकाळच्या आत चेंडू परत घेऊन आला. सह्या छापलेल्या आहेत म्हणाला, कारखान्यातच ठसा मारलाय.

नेमका अबू सालेम दुकानात. त्यानं चेंडू फिरवून फिरवून पाहिला आणि आवाज न चढवता म्हणाला, "हसन, माझं नाव आहे या पाटीवर. आता एक चेंडू जरी परत आला, तर दुकानाला कुलूप आणि तुम्ही तिघं बोटीत."

उस्माननं त्या रात्री डाळीत मीठ घातलं नाही. आम्हालाही ते कळलं नाही.

*

मग हसनचाचांनी आपली जुनी विद्या काढली. गलबतावर माल फुटला की ते खलाशाला बसवून तीनदा चहा पाजायचे आणि तीनदा तीच गोष्ट विचारायचे. थापाड्या तिन्ही वेळा शब्दाला शब्द तेच सांगतो, कारण त्यानं पाठ केलेलं असतं. खरा माणूस दर वेळी थोडा चुकतो, मागे जातो, भलतंच काही आठवून बसतो.

"सही मना वाचता येत नाय," चाचा म्हणाले, "मानूस वाचता येतो."

पहिला सापडला एक सोनेरी केसांचा पोरगेला इंजिनिअर. चेंडू म्हणे त्याला मैदानाच्या दारात मिळाला, पाऊस पडत होता, शेजारी तपकिरी कुत्रं होतं. दुसऱ्या चहाला पाऊस तोच, कुत्रं तेच. तिसऱ्या चहाला तर उस्मानच म्हणाला, "आता कुत्रं येईल बघ." आलं! चाचांनी चेंडू नमस्कार करून परत दिला.

*

मध्ये एकदा मीही हात साफ करून घेतला. एका कोऱ्या चेंडूवर मी सही केली, चाचांची करून घेतली, उस्मानचा अंगठा उठवला आणि चेंडू काचेच्या कपाटात ठेवून दिला. एक इंग्रज बराच वेळ न्याहाळत राहिला. ही कुठली टीम, विचारलं. मी म्हटलं, कोकणची. अंगठा कोणाचा? म्हटलं, विकेटकीपरचा!

तो खिशात हात घालतोय एवढ्यात दारात अबू सालेमची गाडी थांबली. चाचांनी चेंडू उचलला आणि आपल्या लुंगीच्या ओच्यात घातला. कफील जाईपर्यंत ते उभेच राहिले, ओटीत नारळ घेतलेल्या बाईसारखे.

*

एकदा मिलरसाहेबच विकायला आला. वडिलांनी दिलेला सहीचा चेंडू. चाचांनी मोठ्या माणसालाही सोडलं नाही, तीन चहा पाजले. पहिल्यांदा वडिलांनी तो स्वयंपाकघरात दिला होता, दुसऱ्यांदा अंगणात. तिसऱ्यांदा साहेब सांगता सांगता चेंडूवरची सही बोटानं चाचपत बसला. इस्तिकानातला चहा गार झाला, तरी त्यानं तो पेला हातातून ठेवला नाही.

चाचा म्हणाले, खरा आहे, पण घेणार नाही. तुझा तुझ्याकडे ठेव.

जाताना त्यानं मला विचारलं, हे तीन-तीन चहा कशाला? माझ्या पोटात कधी काही राहिलंय? सांगून टाकलं.

*

आता शेवटचा. मिलरसाहेबाला आपल्या साहेबाच्या साहेबाला सहीचा चेंडू भेट द्यायचा होता. आमच्याकडे तेव्हा एक चेंडू होता, एका मेमसाहेबानं विकलेला. तिन्ही चहांत बाईनं तीन तऱ्हा सांगितल्या होत्या, म्हणजे अस्सल. मिलरसाहेब येणार हे अबू सालेमलाही कळलं होतं. तो सकाळपासून कोपऱ्यात तसबीहचे मणी ओढत बसला.

साहेब आला, चेंडू बघितला, खाली ठेवला. मग चाचांकडे बघून हसला आणि म्हणाला, "चहा मागवा. आणि हा कुठून आला ते तुम्ही स्वतः सांगा."

आली पंचाईत. कारण चाचांना इंग्रजी येत नव्हतं. साहेबासमोर म्हणायला म्हणून सकाळीच मी त्यांच्याकडून चार वाक्यं घोकून घेतली होती.

पहिला चहा. "सर, धिस बॉल फ्रॉम मेमसाब. मेमसाब व्हेरी गुड लेडी. हजबंड गो अमेरिका. बॉल इन बिस्किट टिन."

दुसरा चहा. "सर, धिस बॉल फ्रॉम मेमसाब. मेमसाब व्हेरी गुड लेडी..." बिस्किटाच्या डब्यापर्यंत कानामात्रेचा फरक नाही.

साहेबाचं हसू गेलं. कोपऱ्यातल्या मण्यांचा आवाज थांबला. उस्मान तिसरा चहा घेऊन आला.

चाचांनी चहाला हात लावला नाही. चेंडू उचलला आणि आपल्या बाणकोटी बोलीत सुरू झाले. जुम्याचा दिवस होता, नाय, जुमा नव्हता, दुकान उघडं होतं. डब्यात सुयादोरे होते, नाय, ते दुसऱ्या डब्यात. बाई रडत होती, का डोळ्यांत धूळ गेली होती. हात हवेत, लुंगी सुटायला आलेली. आणि बोलता बोलता हेही सांगून गेले, की या उस्म्यानं हाही साबणात घातला होता, मी हिसकावून घेतला, पण खालचं एक नाव पुसलं ते पुसलंच.

उस्मान हळूच माझ्या आड सरकला.

साहेबाला एक अक्षर कळलं नव्हतं. तो चाचांचे हात बघत होता. मी तोंड उघडलं तसं त्यानं मला खूण करून थांबवलं. "नको. हे खरं आहे." चेंडू रुमालात गुंडाळला, चाचांशी हात मिळवला आणि गेला.

आम्ही श्वास सोडणार, इतक्यात कोपऱ्यातली खुर्ची सरकली. अबू सालेम चाचांच्या समोर येऊन बसला.

"हसन," तो म्हणाला, "आता मला सांग. अरबीत."

मी उठलो आणि स्टोव्हला पंप मारायला लागलो.