कडी आतून आहे

आधीच सांगते, असले अनुभव मी आजवर फक्त करमणूक म्हणून वाचत आले. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या दाखवल्याशिवाय मी कोणाला पूर्ण मार्क दिले नाहीत. माझा धाकटा भाऊ दिलीप बाविसाव्या वर्षी आजारी पडला, तेव्हा नातेवाइकांनी आणलेले अंगारे, ताईत, कुठल्याशा महाराजांचे पत्ते, सगळं मी दारातूनच परत पाठवलं होतं. त्यामुळे स्वतःचाच असा अनुभव लिहायला बसणं मला जरा अडचणीचंच आहे. दीड वर्ष लिहू की नको चाललं होतं. दिलीपने परवानगी दिली, पण एका अटीवर — नाव बदलायचं. “खरं नाव घालू नकोस ताई, लोक फोन करून सल्ले देतील.”

आम्ही दोघं वारज्याला राहतो. दुसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. हे घडलं तेव्हा मी बासष्टची होते, दिलीप पंचावन्नचा. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. त्यानंतरची वर्षं कशी गेली ते लिहीत नाही, ज्यांच्या घरात हे आहे त्यांना माहीत आहे. गेल्या चार-पाच वर्षांत मात्र एक गोळी त्याला मानवली. दर महिन्याला रक्त तपासावं लागतं, पण माणूस परत मिळाला. आठवड्यातून तीन दिवस कोथरूडच्या एका केंद्रात जातो, तिथे बाइंडिंगचं काम करतो. आवाज पूर्ण गेलेले नाहीत. “रेडिओ शेजारच्या घरात लागलाय, एवढंच,” असं तो म्हणतो.

यावर माझं एक ठरलेलं वाक्य होतं. “दिलीप, तिथे कोणी नाहीये.” हे मी हजारो वेळा म्हटलं असेन. तो चिडायचा नाही. एवढंच म्हणायचा, “तुला ऐकू येत नाही, मग तू एवढं खात्रीने कसं सांगतेस?”

दिवाळीनंतर त्याने एक नवीन सुरू केलं. “ताई, माझ्या पोटात कोणीतरी सिमेंट ओतलंय.”

पहिल्यांदा मी हसले. दुसऱ्यांदा म्हटलं, “भजी कमी खा.” तो रोज म्हणायला लागला, जेवण अर्धं टाकायला लागला, तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याच्याकडे न बघता मला विचारलं, “यांच्या मानसिकच्या गोळ्या चालू आहेत ना? मग हे त्यातलंच. त्यांच्या डॉक्टरांना सांगा.” अॅसिडिटीचं पातळ औषध लिहून दिलं. पोटाला हातसुद्धा लावला नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही ते खटकलं नाही. त्याच्या मानसोपचाराच्या डॉक्टर बाईंची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी होती. त्यांना दाखवायला मी एक वही ठेवते. त्यात मी माझ्या हाताने लिहिलं — ‘नवीन भ्रम : पोटात सिमेंट.’

ती वही अजून घरात आहे. ते पान मी फाडलेलं नाही.

तो गुरुवार होता, डिसेंबरचा. दिलीपला त्या दिवशी केंद्रात जायचं नव्हतं. मला धायरीला मैत्रिणीकडे जेवायला बोलावलं होतं, परत यायला पाच तरी वाजणार होते. निघताना तो सोफ्यावर पाय जवळ घेऊन बसला होता. “पोळी-भाजी झाकून ठेवलीये,” म्हटलं. त्याने नुसती मान हलवली. मी बाहेरून दार ओढून घेतलं. लॅचची किल्ली माझ्याकडे होती. आमच्या घरात आतून कडी लावायची नाही हा नियम आहे, त्याच्या आजाराच्या पहिल्या वर्षांपासूनचा. इतक्या वर्षांत तो त्याने कधी मोडला नव्हता.

मेन रोडवरच्या मेडिकलमधून त्याच्या गोळ्या घेतल्या, पर्समध्ये टाकल्या आणि दुकानासमोर रिक्षाची वाट बघत उभी राहिले. पावणेअकरा वाजले होते. लख्ख ऊन, समोर गाड्यांची रांग, हॉर्न...

आणि माझ्या डाव्या कानामागून एक बाई म्हणाली, “कडी आतून आहे. सुताराला घेऊन जा.”

मी वळून बघितलं. मागे बंद शटर होतं. डावीकडे दोन कॉलेजच्या मुली कानात इअरफोन घालून मोबाइलवर रिक्षा शोधत होत्या. बाकी कोणी नव्हतं. आवाज ओळखीचा नव्हता. आईचा नव्हता, हे मुद्दाम सांगते, कारण ऐकणारे सगळे तेच विचारतात. घोगरा नाही, गूढ नाही. सरकारी ऑफिसातल्या खिडकीमागची बाई जशी “झेरॉक्स जोडा” म्हणेल, तसा.

मुलींना विचारलं, “काही म्हणालात का?” एकीने इअरफोन काढला. “नाही काकू. का? काही हेल्प हवीये?”

तेवढ्यात तो आवाज परत आला. तेच शब्द, तीच घाई नसलेली पट्टी. “कडी आतून आहे. सुताराला घेऊन जा.”

पहिला विचार काय आला सांगू? दिलीपचा नाही. मला वाटलं, आता माझंही सुरू झालं. बासष्टाव्या वर्षी. मग याचं कोण करणार? एक रिक्षा येऊन थांबली, रिक्षावाल्याने “कुठं?” विचारलं, मी मानेनेच नाही म्हटलं.

रस्त्यापलीकडे प्लायवूडचं दुकान आहे. तिथे बाहेर गंगाधर मिस्त्री बसतात, नांदेडकडचे. आमचं स्वयंपाकघराचं कपाट त्यांनीच केलेलं. मी रस्ता ओलांडला.

“मिस्त्री, घरी येता का जरा? हत्यारं घेऊन.”

“काय झालं मॅडम?”

“दार उघडत नाहीये.”

“किल्ली हरवली का?”

“किल्ली आहे.”

“मंग?”

“मला माहीत नाही. पण चला.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता पिशवी उचलली. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी घरी गेले. वाटेत सारखं मनात येत होतं, दार नीट उघडणार, दिलीप सोफ्यावर बसलेला असणार, आणि मला मिस्त्रींना काहीतरी खोटं सांगावं लागणार.

लॅचमध्ये किल्ली फिरली. दार मात्र हललं नाही. वरची कडी आतून लावलेली होती.

“दिलीप!” मी दार वाजवलं. मिस्त्रींनी दाराला कान लावला. “कण्हायल्यात कोणीतरी,” ते म्हणाले आणि पटाशी काढली. चौकटीचा तुकडा काढून कडी मोकळी करायला त्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत.

दिलीप स्वयंपाकघरात फरशीवर पडला होता. गुडघे छातीशी, शर्ट घामाने भिजलेला, बाजूला उलटी. पोट फुगून इतकं टणक झालं होतं की हात लावला आणि मला त्याचा शब्द आठवला. सिमेंट.

मिस्त्री आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी यांनी त्याला उचलून गाडीत घातलं. हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होता. त्याने गोळ्यांचं पाकीट बघितलं आणि विचारलं, “सायकिअॅट्रिक पेशंट आहेत का? मग आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून —”

“आधी पोट बघा,” मी म्हटलं. माझा वर्गातला आवाज लागला होता. “डोक्याचं मी तेहतीस वर्षं बघतेय. तुम्ही फक्त पोट बघा.”

त्याने हात लावला मात्र, त्याचा चेहरा बदलला. मग कोणी काही विचारलं नाही. एक्स-रे, सीटी स्कॅन, आणि दुपारी ऑपरेशन. आतडं पूर्ण तुंबलं होतं. सर्जन संध्याकाळी बाहेर आले तेव्हा मी विचारलं, “पाच वाजता आणलं असतं तर?”

“ते नका विचारू,” ते म्हणाले. “आणलंत ना वेळेत? झालं तर मग.”

दिलीप अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होता. त्याच्या डॉक्टर बाई तिसऱ्या दिवशी स्वतः तिथे आल्या. मी वही नेली होती, ते पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी वाचलं. मला रागावतील असं वाटलं होतं.

“या गोळीने पोट मंदावतं,” त्या म्हणाल्या. “मी दर वेळी रक्ताचा रिपोर्ट बघत होते, झोप विचारत होते, आवाज विचारत होते. पोट साफ होतं का, हे मात्र विचारलं नाही. हे माझ्याकडून राहिलं.” मग म्हणाल्या, “असं होतं बघा. एकदा हा आजार कागदावर लिहिला की त्या माणसाचं दुखणं खरं असू शकतं, हेच आपण विसरतो.”

गोळी बंद केली नाही, ती त्याला हवीच आहे. प्रमाण कमी केलं आणि पोटासाठी रोजचं औषध जोडलं. आता दर भेटीत वजन, कमरेचा घेर, बीपी, साखर, सगळं तपासतात. पोटाचा हिशेब दिलीप स्वतः लिहितो. पुणेकर असल्यामुळे शेरेही मारतो. मागच्या आठवड्यात लिहिलं होतं — ‘सोमवार : समाधानकारक. मंगळवार : ताईने उगाच विचारलं.’

त्या आवाजाचं मी डॉक्टर बाईंना महिन्याने सांगितलं, दार लावून घेऊन. मला वाटलं, आता माझीही फाइल उघडणार. त्यांनी झोप, ताण, कान, सगळं विचारलं. म्हणाल्या, दमलेल्या, काळजीत असलेल्या माणसाला आयुष्यात एखाद्या वेळी असा आवाज ऐकू येऊ शकतो, तो आजार नाही. भाऊ आजारी दिसत होता, मनाने कुठेतरी ते टिपलं असेल.

“ते पटतं,” मी म्हटलं. “पण कडी? त्याने कधीच लावली नव्हती. मी निघाले तेव्हाही नव्हती. आणि सुतार?”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “ते मला सांगता येणार नाही,” म्हणाल्या. “उगाच काहीतरी सांगून तुमचं समाधान करणार नाही.”

दिलीपला सांगायला मला आणखी महिना लागला. रविवारी सकाळी चहा घेताना सांगून टाकलं. तो हसला नाही, गंभीरही झाला नाही. एखाद्या जाणकाराने चौकशी करावी तशी त्याने चौकशी केली.

“कुठल्या कानात?”

“डाव्या. कानामागून.”

“बाई की पुरुष?”

“बाई.”

“नावाने हाक मारली?”

“नाही.”

“हसली?”

“नाही रे. सरळ सांगितलं.”

तो विचार करत राहिला. “मग माझ्यातली नाही,” म्हणाला. “माझ्यातली हसते.”

कडी का लावली होतीस, हेही मी तेव्हाच विचारलं. पोटात असह्य झालं तेव्हा त्या आवाजांनी सांगितलं म्हणे, की आणखी सिमेंट ओतायला लोक जिना चढतायत. वेळ विचारली तर म्हणाला, “तू गेल्यावर लगेच नाही. मी घड्याळ बघितलं होतं. पावणेअकरा.”

मी मेडिकलसमोर उभी होते, तीच वेळ.

मग त्याने विचारलं, “तुला भीती वाटली?”

“खूप.”

“दोन वाक्यांना?”

“हो.”

त्याने माझ्याकडे बघितलं. त्यात तक्रार नव्हती. मी कप खाली ठेवला आणि तेहतीस वर्षांत जे एकदाही विचारलं नव्हतं ते विचारलं. “ते तुला काय काय म्हणतात रे?”

आधी त्याला खरं वाटलं नाही. मग तो सांगायला लागला. अकरा वाजून गेले, मी उठले नाही.

ती बाई कोण, तिला आमच्या दाराची कडी कशी दिसली, हे मला आजही माहीत नाही. त्यानंतर ती परत कधी बोलली नाही. कोणी विचारलंच तर मी पायऱ्या जेवढ्या दाखवता येतात तेवढ्या दाखवते. मधली एक पायरी कोरी आहे. ती तशीच सोडली आहे.