मुकी नळी

फट्. मग दूर फांद्यांतून उड्या पडल्याचा आवाज. त्या हिवाळ्यातल्या माझ्या सकाळी या आवाजावर चालत. चुलीपुढे बसून मी तो ऐके आणि प्रत्येक वेळी मनाशी म्हणे: यजमान तुरीत आहेत, अजून आहेत.

कुरखेड्याकडच्या आमच्या गावात घरामागे धानाच्या बांध्या, त्यापलीकडे तुरीचा पट्टा, आणि तुरीला खेटून जंगल. शेंगा भरल्या की वानरांची टोळी उतरते. यजमान पूर्वी ताडोब्याकडच्या एका रिसॉर्टवर पाहुण्यांना पेंटबॉल खेळवीत. तो खेळ बंद पडला तेव्हा तिथली एक जुनी बंदूक त्यांनी घरी आणली. तिच्यातून रंगाची गोळी सुटे. वानराला चटका बसे, जीव जात नसे.

पण त्या वर्षी जंगलाच्या कडेला वाघ फिरत होता. पलीकडच्या गावची एक बाई सरपणाला गेली, ती परतली नाही. वनरक्षक सांगून गेले होते: एकटे जाऊ नका, आणि गेलात तर आवाज करत राहा.

नेमकी तेव्हाच यांनी बंदुकीला नवी नळी मागवली. हातभर लांब, काळी, स्पर्शाला थंड. तोंडाशी बारीक छिद्रांच्या ओळी.

"दूर जाते, सरळ जाते," ते म्हणाले.

मोहाच्या झाडाला सिमेंटचे रिकामे पोते टांगले. जुन्या आखूड नळीतून दहा पिवळ्या गोळ्या, नव्या नळीतून दहा निळ्या. जवळ जाऊन डाग पाहिले ते मीच. पिवळे आणि निळे सारखेच विखुरले होते. बंदुकीतल्या दाबलेल्या वायूला गोळी जेवढी ढकलायची तेवढी त्याने आखूड नळीतच ढकलली होती; पुढची लांबी गोळीला नुसती घासत होती. शिवाय दवाने फुगलेल्या गोळ्या दोन्ही नळ्यांतून तितक्याच भरकटत.

शेजारच्या काकू कुंपणावरून पाहत होत्या. "हातभर नळी घेतली भाऊ, अन् फरक बोटभर बी नाई!"

"फरक हाये ना, काकू. आवाज आयका. पयले फट् झालं का सारी टोळी झाडावर. आता गोळी कुठून आली थेच समजत नाई. दोन-चारायले बसली का येनं सोडतीन."

आवाज खरोखरच गेला होता. त्या छिद्रांतून तो झिरपून जाई, मिटल्या ओठांतून सुटलेल्या उसाशासारखा. नळीने केलेली सुधारणा एवढीच, आणि मला नको होती ती नेमकी हीच.

"मला घरी ऐकू येणार नाही," मी म्हणाले.

"तुले काऊन आयकू याले पायजे? तू का वांदर हायेस?" ते हसले. काकूही हसल्या.

वाघाचे नाव मी घेतले नाही. भीती उच्चारली की तिला पाय फुटतात, असे मला तेव्हा वाटे.

चौथ्या सकाळी धुके बांध्यांवर बसून होते. मी कान देऊन होते; तुरीकडून काहीच येत नव्हते. मग वानर ओरडले. खॅक्. थोडी उसंत. खॅक्. चटका बसलेले वानर चिरकते. हे तसे नव्हते. शेंड्यावर बसून, खाली वाघ दिसल्यावर दिलेली ती हाळी इथे कोणालाही ओळखता येते.

हाताला लागला तो जर्मनचा गंज, भाताचे पातेले, आणि पळी घेऊन मी धावले. बांध्यांतल्या लाखोळीच्या पिकावरचे दव पोटऱ्यांना चावत होते. तुरीच्या तोंडाशी पोचले आणि वास आला: नव्या सुवासिक तांदळाचा असतो तसा, पण उग्र, अंगावर येणारा. वाघ आपली खूण सोडून गेला की रानात हा वास येतो, हे मला ठाऊक होते.

"अवो!" मी हलकेच हाक दिली.

दहा पावलांवर ते उभे होते. बंदूक खाली, नळीचे टोक मातीत. ते माझ्याकडे पाहत नव्हते. माझ्या उजव्या बाजूला, वारा नसताना तुरीचे शेंडे एका ओळीत हलत होते, तिकडे त्यांची नजर रुतली होती. गंज माझ्या हातात आहे, हे मी विसरले होते. त्यांनी मान न वळवता, जेमतेम ओठ हलवून म्हटले, "वाजव."