जनावर मेलं तर चालेल?

परबबाईंनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य म्हणजे एक प्रश्न होता. मुलुंड पूर्वेला आमच्या गल्लीच्या टोकाशी तळमजल्यावर एक जुनं वाचनालय आहे. बाबा गेल्यानंतर त्यांच्या नावावर राहिलेली पुस्तकं परत करायला मी तिथे गेले होते. काउंटरमागे चष्मा कपाळावर चढवलेली, मनगटाला रबरबँड गुंडाळलेली एक बाई बसली होती. काहीतरी घ्यावं म्हणून मी समोरचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ उचलला. मुखपृष्ठावर पंख असलेला बैल होता. बाईंनी पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि गॅस सिलेंडर आलाय का विचारावं इतक्या साधेपणाने विचारलं, "जनावर मेलं तर चालेल?"

मी विम्याच्या ऑफिसात काम करते, तेही मृत्यूच्या दाव्यांच्या टेबलावर. दिवसभर मेलेल्यांचेच कागद हाताखालून जातात. मी "चालेल" म्हणून मोकळी झाले. बाईंनी तारखेचा शिक्का मारला.

बाबांच्या जाण्यानंतर मी रडले नव्हते. वेळच मिळाला नाही म्हणा, किंवा सगळं करणारी मीच होते म्हणून म्हणा. त्या पुस्तकातला म्हातारा बैल शेवटी पंख मिटून नांगराच्या जागी येऊन बसतो आणि तिथेच संपतो. मी ते पान स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि तिथेच खाली बसले. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, भाताचा लगदा झाला, नवरा धावत आला. त्याला काय सांगणार, की बैल मेला म्हणून रडतेय?

दुसऱ्या दिवशी मी तणतणत वाचनालयात गेले. बाई शांतपणे म्हणाल्या, "मी विचारलेलं ना तुला?"

"विचारलंत. पण कशासाठी विचारताय ते मला कळलं नाही."

"पहिल्या वेळी कोणालाच कळत नाही गं. बस. चहा घेतेस?"

तिथून आमचं जमलं. परबबाई भांडुपच्या एका शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि या वाचनालयात दुपार ते संध्याकाळ बसत. कथा, कादंबऱ्या, चरित्रं सगळं त्या कर्तव्य म्हणून देत. जीव मात्र खिडकीजवळच्या एका कपाटात. त्यात सगळे ड्रॅगन, बोलणारे लांडगे, शिंगांचे मासे, तळ्यातले राक्षस. पुस्तकं बहुतेक इंग्रजी, थोडी मराठीत आलेली, आणि सगळी मोठ्यांसाठी. "पोरांचं कपाट पलीकडे आहे," असं त्या आधीच बजावत.

शेट्ये म्हणून बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ रोज वर्तमानपत्र वाचायला येत. एकदा त्यांनी त्या कपाटाकडे बघून नाक मुरडलं. "ह्या वयात काय हो राक्षसांच्या गोष्टी? पोरं वाचतात असलं."

"पोरांना पुस्तकाची गरजच नाही, शेट्ये. ती रोज नवा राक्षस बनवतात," बाई म्हणाल्या. "तुम्ही रिटायर झालात. तुमच्याकडे एक तरी शिल्लक आहे काय?"

शेट्येंनी त्या दिवशी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. पण महिन्याभरात ते लांडग्यांच्या मालिकेचा तिसरा भाग मागायला लागले होते.

पुस्तक निवडून देण्याची बाईंची एक कसोटी होती आणि ती त्यांनी गावाहून आणली होती. कोकणात त्यांच्या सासरच्या बांधावर राखणदार आहे. तो दिसत नाही, पण जागा राखतो, आणि वर्षाला त्याचा मान द्यावा लागतो: नारळ, कोंबडा, ठरलं असेल ते. मान चुकला की तो आठवण करून देतो. बाईंचं म्हणणं, गोष्टीतल्या जनावरानेही असंच काहीतरी मागायला हवं. "नुसतं पाठीवर बसवून इकडून तिकडे नेतंय आणि बदल्यात काहीच मागत नाही, तर ते जनावर कसलं? ती रिक्षा झाली." असल्या रिक्षांना त्यांच्या कपाटात जागा नव्हती. कोणी "काहीतरी हलकंफुलकं द्या" म्हणालं तर त्या म्हणत, "हलकं हवं तर चुरमुरे खा."

आणि पुस्तक देताना तो प्रश्न ठरलेला. शेवट त्या कधीच सांगत नसत. पण जनावर मरतं की जगतं, एवढं विचारलंत तर खरं सांगत. ज्या बाईचा कुत्रा नुकताच गेला होता तिला त्यांनी स्वतःच "तुला मेलेलं नको" म्हणून दुसरं पुस्तक काढून दिलं होतं. त्यासाठी कपाटातलं प्रत्येक पुस्तक त्या आधी शेवटपर्यंत वाचत. न वाचलेलं पुस्तक काउंटरवरून जायचं नाही.

म्हणूनच मला आश्चर्य वाटलं, जेव्हा त्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात, मागे सारलेलं एक हिरव्या मुखपृष्ठाचं पुस्तक मला सापडलं. आत अर्ध्याच्या पुढे खुणेसाठी गोळ्यांची रिकामी पट्टी घातली होती.

"ह्यात मरतं का हो?" मी सहज विचारलं.

"ठेव ते," बाई म्हणाल्या. आवाज असा होता, की मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. चहा आला, निवला. मग त्या आपणहून बोलल्या.

त्यांचे यजमान, मोहन परब, मुलुंडच्या एका कारखान्यात फिटर होते. फुप्फुसं गेली. शेवटची दोन-अडीच वर्षं घरातच, ऑक्सिजनच्या नळीला बांधलेले. टीव्ही नको म्हणायचे, माणसं नको म्हणायचे. बाईंनी मग रोज संध्याकाळी त्यांना ही पुस्तकं वाचून दाखवायला सुरुवात केली. पुस्तक इंग्रजी, पण बाई डोळ्यांनी इंग्रजी वाचत आणि तोंडाने मालवणी बोलत. डोंगरावरचा ड्रॅगन राजपुत्राला म्हणायचा, "काय रे मेल्या, माझ्या डोंगरार कित्याक इलंस?" यजमान हसत. हसलं की खोकला येई, आणि खोकला थांबला की म्हणत, "पुढे वाच."

पण वाचन सुरू होण्याआधी त्यांचं एक गाऱ्हाणं असे. कोकणात कुठलंही काम काढताना देवापुढे उभं राहून मोठ्याने गाऱ्हाणं घालतात, आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. मोहनराव खाटेवरूनच हात जोडत. "बा देवा म्हाराजा, आज जा काय वाचूचा आसा, त्यात ह्या जनावराचा काय वायट होव नये रे म्हाराजा." आणि बाई म्हणत, "व्हय म्हाराजा." आधी थट्टाच होती ती. पुढे पुढे थट्टा उरली नाही. नवं पुस्तक काढलं की आधी त्यांचा प्रश्न येई, "मरता काय गो ता?" बाईंनी पुस्तक पुरं वाचलेलं असे. मरत असेल तर त्या तसं सांगत, आणि मोहनराव ठरवत, चालेल की नाही.

"हे शेवटचं," बाईंनी हिरव्या पुस्तकाकडे बोट दाखवलं. "ह्याच्यात एक तळ्यातलं जनावर आहे. होड्या सांभाळतं. त्याचा मान काय, तर वर्षात गावातलं जे कोण मेलं असेल, त्यांची नावं त्याला जाऊन सांगायची. ह्यांना ते फार आवडलेलं. पण तेव्हा हॉस्पिटलच्या फेऱ्या, नेब्युलायझर, मला आधी वाचायला झालं नाही. त्यांनी विचारलं, मरता काय? मी म्हटलं, मरणा नाय. एवढं ऐकून त्या माणसाचा चेहरा सैल झाला." बाई थांबल्या. "आणि मग त्यांनी गाऱ्हाणं घातलं. ही माझी बायल सांगता, जनावर मरणा नाय, तिचा म्हणणा खरा कर रे म्हाराजा. मी व्हय म्हाराजा म्हटलं. काय करणार?"

चार-पाच दिवसांत ते गेले. पुस्तक अर्ध्यावर राहिलं ते राहिलंच.

"नवऱ्याशी माणूस खोटं बोलतो गं, ते सोड," बाई म्हणाल्या. "पण गाऱ्हाण्यात खोटं बोलू नये. जनावर जगत असेल तर मी सुटले. मरत असेल, तर मी देवासमोर खोटी साक्ष देऊन त्यांना पाठवलं. म्हणून उघडत नाही."

मला त्यांचा राग आला, खरं सांगते. शिकलेली बाई, इंग्रजीची मास्तरीण, आणि पुस्तकातल्या एका जनावरासाठी स्वतःला अशी वर्षानुवर्षं टांगून ठेवते. मी तसं बोललेही. त्या म्हणाल्या, "तू घाटावरची. तुला नाही कळायचं." आणि पुस्तक पुन्हा वर गेलं.

गेल्या वर्षी बाईंना कावीळ झाली असं आधी वाटलं. ती नुसती कावीळ नव्हती, पोटात गाठ होती. डॉक्टरांनी पोट उघडलं, पाहिलं आणि पुन्हा शिवलं. त्यांना घरी आणलं. वाकोल्याची त्यांची भाची सुवर्णा येऊन राहिली. मी ऑफिसातून येताना रोज डोकावत असे. बाईंचा देह वाळत चालला होता. पोटात दुखायला लागलं की त्या भिंतीकडे तोंड करून पदर दातात धरत, कारण ओरडलं की सुवर्णा रडते. अशा घरात दिलासा देण्यासारखं काही नसतं. मी वाचनालयातल्या बातम्या सांगत बसे.

एके संध्याकाळी त्या म्हणाल्या, "आरती, ते हिरवं पुस्तक काढ. पट्टीपासून पुढे वाच आणि मला सांग."

"बाई, कशाला आता?"

"आताच. तिकडे गेल्यावर ते विचारतील ना. काय सांगू त्यांना?"

मी रविवारी ते वाचलं. जनावर मरतं. शेवटाला थोडीच पानं उरली असताना तळं आटतं, आणि ते चिखलात रुतून मरतं. मी पुस्तक मिटलं आणि तेव्हाच ठरवलं, खोटं सांगायचं. संध्याकाळी दार उघडताना सुवर्णा कानाशी कुजबुजली, "काहीही असलं तरी जगतं म्हणून सांगा हं ताई. काय जातंय आपलं?" मी मान डोलावली.

बाई उशीला टेकून बसल्या होत्या. डोळे पिवळे, पण नजर काउंटरवरचीच. मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "बाई, जगतं ते."

"जगतं?"

"हो."

"बरं झालं." त्यांनी हात जोडायचा प्रयत्न केला, एका हाताला सुई होती म्हणून दुसरा त्यावर नुसता ठेवला. "मग आपण गाऱ्हाणं घालूया. मी म्हणते, तू व्हय म्हाराजा म्हण." आणि मला काही बोलू न देता त्यांनी सुरुवात केली. आवाज चिरका झाला होता. "बा देवा म्हाराजा, ह्या आरतीन पुस्तक वाचल्यान. जनावर जगता असा ती सांगता. ता खरा आसा, ह्येची साक्ष ऱ्हव रे म्हाराजा."

मला फक्त दोन शब्द म्हणायचे होते. मी देवाधर्माची बाई नाही. पण ते दोन शब्द तोंडातून निघेनात. पंखा फिरत होता, सुवर्णा दारात डोळ्यांनी मला खुणावत होती, आणि बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. गाऱ्हाण्यात खोटं का बोलता येत नाही, ते मला तेव्हा कळलं.

"मरतं," मी म्हटलं.

सुवर्णाने कपाळाला हात लावला. बाईंनी सुईवरचा हात काढून घेतला. मग म्हणाल्या, "एकटं?"

"नाही. तळं आटल्यावर सगळं गाव निघून जातं. एक नावाडीण मागे राहते. ती चिखलात उतरते, त्याच्या कपाळावर हात ठेवून बसते. त्या वर्षी गेलेल्यांची नावं सांगते. सगळ्यात शेवटी त्याचं नाव सांगते, आणि मग ते डोळे मिटतं."

"हात काढत नाही?"

"नाही."

"मीही नव्हता काढला," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही. थोड्या वेळाने पुन्हा त्याच चिरक्या आवाजात त्या म्हणाल्या, "बा देवा म्हाराजा, तेव्हा मी न वाचता बोललंय. ता जनावर मेला. माझो घोवय गेलो. काय चुकलामाकला आसात ता माफ कर, नि दोघांकय बरी जागा दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. दारातून सुवर्णाही म्हणाली.

बाईंनी उशीवर मान टाकली. "चालेल," त्या म्हणाल्या, पुस्तक पसंत पडल्यावर म्हणत तशा.

त्यानंतर त्या आठवडाभर होत्या. दुखणं काही कमी झालं नाही, शेवटचे दोन दिवस तर बघवत नव्हते. शांतपणे गेल्या असं लोक म्हणतात, तसं काही झालं नाही. सुवर्णा आणि मी पाळीपाळीने त्यांच्या कपाळावर हात ठेवून बसलो होतो, एवढंच.

शनिवारी आता मी काउंटरवर बसते. हिरवं पुस्तक मी खालच्या खणात आणलं आहे. गोळ्यांची पट्टी काढून टाकली. परवा शेट्ये ते घेऊन आले आणि मी विचारायच्या आधी त्यांनीच विचारलं, "मरतं का हो?" मी म्हटलं, मरतं. ते पुस्तक हातात धरून जरा वेळ उभे राहिले. त्यांच्या घरी पत्नी अंथरुणाला खिळलेली आहे, हे मला माहीत आहे. मग त्यांनी पुस्तक पुढे केलं आणि मी शिक्का मारला. ते एकटं मरत नाही, हे मी सांगितलं नाही. शेवट सांगायचा नाही, असा बाईंचा नियम आहे.