पावसाळ्याचे हप्ते

दहिवलीच्या सुंदराकडे शिवणाची मशीन आली, तेव्हा ती बघायला सगळी आळी लोटली होती. कर्जतच्या बाजारातल्या येसाजीशेठच्या दुकानातून हप्त्यावर आणलेली. सुंदराचा नवरा धोंडी माथेरानला हॉटेलात वाढपी. सीझनला खिसा खुळखुळायचा. पावसाळ्यात हॉटेलं बंद पडली की गडी घरी बसून पोरांना शीळ घालायला शिकवायचा. "चार म्हैनं बसून खातो मेला," असं सुंदरा म्हणायची, आणि त्याच्या ताटात जास्तीची भाकरी टाकायची.

येसाजीशेठला हे सारं ठाऊक होतं. "सीझनला दे, पावसात नको देऊस," एवढ्या तोंडी बोलीवर त्यानं मशीन घरी धाडली. कागद नाही, जामीन नाही. आता सांगितलं तर लोक हसतील, पण तेव्हा बाजार असाच चालायचा.

मग शेठ थकला आणि गल्ल्यावर त्याचा पुतण्या बसला. त्यानं भिंतीवर छापील कागद डकवला: हप्ता दरमहा, थकल्यास दंडव्याज, आगाऊ भरणा अंतिम हप्त्यांत वळता केला जाईल. सुंदरा प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलेली. तिनं बोट ठेवून सगळा कागद वाचला. दंडव्याजाची धास्ती घेतली आणि 'आगाऊ' या शब्दावर विसावली, कारण तेवढाच ओळखीचा होता.

मे महिन्यात घरोघरी पावसाळ्याची बेगमी चालते. लाकडं, कांदे, सुकी मासळी माळ्यावर चढते. सुंदरानं हप्त्यांचीही बेगमी केली. धोंडीनं आणलेली सीझनची बक्षिशी तिनं पावसाच्या चार महिन्यांपोटी गल्ल्यावर मोजली आणि निर्धास्त झाली.

श्रावणात दुकानाचा माणूस दारात उभा. "दोन हप्तं थकलं, वर व्याज चढलंय. दसऱ्यापातूर चुकतं करा, नायतर मशीन उचलावी लागंल."

सुंदरा तशीच भिजत दुकानात गेली. पावसाळ्यात घर त्या मशीनवर चालायचं. ती गेली की चूल थंड.

"तुमचे पैसे बुडाले नाहीत, बाई," पुतण्या म्हणाला. माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. "ते शेवटच्या चार हप्त्यांना लागले. मधले मात्र महिन्याच्या महिन्याला भरावे लागतील."

"म्हंजे भात आज रांधला, आन् जेवायचं फुडच्या साली?"

पुतण्या हसला, नियम काही हलला नाही. आतल्या खाटेवर येसाजीशेठ पडून होता. "माझं आता कोण ऐकतंय गं," एवढंच म्हणाला.

वर्षावास चालू होता. संध्याकाळी बाया ग्रंथ ऐकायला बुद्धविहारात जमत. तिथं सुंदराला रडू आवरेना. सगळ्यांत थोरली पुतळाबाई. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "विजयादशमीला, धम्मचक्राच्या दिशी, समद्यांना पांढरी पोलकी लागनारच हायत. शिलाई आताच देऊन टाकू. सोडा गं कनवटीच्या गाठी." त्या पोलक्यांवर थकबाकी फिटली. धोंडीनं रात्रंदिवस काजं केली. बोटं टोचून घ्यायचा आणि वर शीळही घालायचा.

त्याच हिवाळ्यात धोंडी तापानं गेला. सुंदरानं मशीनवर डोकं टेकलं, आणि तेराव्या-चौदाव्या दिवशी पाय पुन्हा तिच्या पायपट्टीवर ठेवले. हप्ता महिन्याच्या महिन्याला जात राहिला. किती उरले हे तिनं विचारणंच सोडलं होतं.

पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर ती नेहमीसारखी पैसे घेऊन दुकानात गेली. पुतण्यानं ते परत तिच्यापुढे सरकवले. "इथून चार महिने भरलेले आहेत. मशीन तुमची झाली."

"कुनी भरलं?"

"तुम्हीच की. गेल्या मे महिन्यात. शेवटच्या हप्त्यांना लागले होते ना?"

ज्या नियमाला तिनं वर्षभर शिव्या घातल्या, त्यानंच धोंडीची बक्षिशी या पावसापर्यंत जपून आणली होती. परत मिळालेले पैसे सुंदरानं मुठीत तसेच धरले आणि चिखलातून घरी न जाता पुतळाबाईच्या ओटीवर जाऊन बसली.

"काय गं, काय झालं?" पुतळाबाईनं विचारलं.

"बसून खातो म्हनून लई बोलले त्याला," सुंदरा म्हणाली. "ह्या पावसात नाय बसला गं तो. समदं हप्तं त्यानंच भरलं."