पुढच्या रांगेतली जोडी

रविवार, मिरवणुकीला तीन आठवडे. हजर: मी, नवरा, सासूबाई, शिवाय साडेबाराला माढ्याहून न कळवता आलेल्या थोरल्या नणंदबाई आणि त्यांचे यजमान.

फ्रिजवरच्या यादीत लाल पेनाने एकच ओळ होती: चार वाजता लेझीम, पुढच्या रांगेची निवड. चाळिशी उलटल्यावर मी कॉलनीतल्या बायकांच्या पथकात शिरले आणि तीन वर्षं मागच्या रांगेत धूळ खाल्ली. यंदा पुढे यायचंच होतं. पाहुणे आल्यावर यादी वाढवली: जेवणं दीड, भांडी अडीच, पावणेचारला बाहेर. भाकऱ्या थापतानाही हात लेझमीच्या ठेक्यावर पडत होते.

"भाकरी थापतीस का मिरवणूक काढतीस तिची?" सासूबाई म्हणाल्या.

साडेतीनला माझ्या जोडीदारणीचा फोन आला. तिच्याकडेही पाहुणे, ती येणार नव्हती. लेझमीत जोडी लागते, एकटीला पुन्हा मागची रांग. मी ओट्याशी मटकन बसले.

नणंदबाई ताटं पुसत होत्या. "मी येऊ का? शाळंत खेळलीय की."

"वन्सं, त्याला पस्तीस वर्षं झाली."

"मग? लेझीम बदलली का काय?"

त्यांचे यजमान दिवाणावर घोरत होते, त्यांना उठवत बसायला वेळ नव्हता. वन्संना माझे कॅनव्हासचे बूट मोठे होत होते, म्हणून दोन-दोन मोजे चढवले आणि स्कूटीवर निघालो.

मैदानावर हलगी सुरू झाली. वन्संनी पदर खोचला आणि अशा झोकात वाकल्या की माझाच ठेका चुकला. दुसऱ्या फेरीत मात्र आम्ही एकदम बसलो, एकदम उठलो, एकदम वळलो. मग दोघींनाही हसू आवरेना.

"दात नंतर, आधी गुडघे," पथकाला शिकवणारे सर म्हणाले. शेवटी त्यांनी वहीत लिहिलं: पुढची रांग, पहिली जोडी.

परतताना सिग्नलला थांबलो, तरी वन्सं मागे बसून माझ्या पाठीवर ठेका धरून होत्या. मधेच थांबल्या.

"वैनी, म्हंजे मला आता दर रविवारी यावं लागणार की."

"मिरवणुकीपर्यंत."

"दोघं जेवायलाच येतो मग."

घरी पोचायच्या आत वाटणी झाली. भाकऱ्या सासूबाई, बाजार नवरा, भाजी वन्सं माढ्याहून आणणार. सगळं फ्रिजवरच्या यादीत चढलं, ज्याला सांगून झालं त्याच्यापुढे खूणही झाली. एक ओळ अजून तशीच आहे: वन्संच्या यजमानांना सांगणे.