लग्न बाकी असलेला भारतीय नागरिक

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात, ओखा बंदरातून निघालेली एक मासेमारी बोट पाकिस्तानच्या गस्ती नौकेने पकडली. बोटीवर सात खलाशी होते. त्यांपैकी एक तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरचा होता. बोटीने सागरी सीमा ओलांडली होती, असे पाकिस्तानचे म्हणणे होते. ओलांडली नव्हती, असे बोटमालकाचे. पाण्यावर रेषा आखलेली नसल्यामुळे दोन्ही म्हणणी आजपर्यंत टिकून आहेत.

ही बातमी माझ्या वर्तमानपत्रात गुजरातेतून आली आणि आतल्या पानावर चार ओळींत छापली गेली. खलाशांची नावे तीत नव्हती. मी तेव्हा डहाणूहून जिल्ह्याच्या बातम्या पाठवत होतो, पण त्या सातांत आपल्याकडचा कोणी आहे हे मला चिकूच्या वाडीत कळले.

ही वाडी आमचीच, नरपडला. ती माझा मोठा भाऊ बघतो. चिकूच्या हंगामात फळे निवडायला तलासरीकडच्या बायका येतात आणि वाडीतच मुक्काम करतात. त्यांच्यातली एक तरुण बाई काही दिवस कामावर नव्हती. परत आली ती फळांच्या ढिगाकडे न जाता ओटीवर माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिचा माणूस त्या बोटीवर होता.

"दादा, कराची कठं आली? ओख्याच्या अलीकडं का पलीकडं?"

"पलीकडे."

"लय लांब?"

ओख्याहून डहाणू जेवढे लांब, त्याहून कराची जवळ, असे मी सांगितले. ते खरे आहे.

"मंग येल तो," ती म्हणाली. "ओख्याहून शिमग्याला येतोच ना." आणि ती फळे निवडायला गेली.

तलासरीच्या त्या पाड्यावरून समुद्र दिसत नाही. तरी नारळी पौर्णिमेच्या सुमारास तिथले निम्मे पुरुष समुद्रावर जातात. डहाणू आणि चिंचणीच्या बोटींवर घरचीच माणसे असतात, बाहेरच्याला जागा कमी. गुजरातच्या बोटींना माणसे कमी पडतात. मुकादम गाडी घेऊन पाड्यावर येतो, आणि ज्याने कालपर्यंत भाताची आवणी केली तो आठवडाभराने खोल समुद्रात जाळे ओढत असतो. शिमग्याला तो चार दिवस घरी येऊन जातो आणि उन्हाळा संपता संपता परत येतो. त्या वर्षीच्या शिमग्याला हा आला नाही.

भारत आणि पाकिस्तान यांचे बहुतेक विषयांवर बोलणे बंद असते. पण वर्षातून दोनदा, जानेवारीच्या आणि जुलैच्या पहिल्या तारखेला, दोघे आपापल्या ताब्यातल्या एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. यात खंड पडत नाही. यादीतल्या माणसाची शिक्षा संपली की तो आपला आहे, असे त्याच्या देशाने कळवायचे असते. त्याला राष्ट्रीयत्वाची पडताळणी म्हणतात. पकडताना हा खलाशी भारतीय आहे याबद्दल कोणाला शंका नव्हती. भारतीय म्हणूनच तो पकडला गेला होता. कराचीच्या न्यायालयाने त्याला काही महिन्यांची शिक्षा दिली, तीही भारतीय म्हणूनच. शिक्षा संपल्यावर तो कोण, हा प्रश्न उभा राहिला.

तो प्रश्न घेऊन पोलीस हवालदार पाड्यावर आला. हवालदार घाटावरचा, इकडे नवा, माणूस सरळ होता. बाईने मला निरोप पाठवला होता म्हणून मीही गेलो. खलाशाच्या आईने बाज काढून दिली. हवालदाराने विचारायला सुरुवात केली. नाव, बापाचे नाव, घराची खूण. नावाची अडचण ठाऊकच होती. तिथे माणसांची नावे बहुधा जन्मवारावरून ठेवलेली असतात आणि वार सातच आहेत. नाव तेच आणि बापाचे नावही तेच, असे पुरुष त्या पट्ट्यात आणखी निघाले असते. खूण म्हणून त्याने कराचीत घरासमोरचा ताड सांगितला होता. हवालदाराने मान वर करून पाहिले. पाड्यावर प्रत्येक घरासमोर ताड होता.

"बायको?" हवालदाराने विचारले.

"मी," बाई म्हणाली.

"मुले?"

तिने दोघांना पुढे ढकलले. हवालदाराने लिहून घेतले, चहा घेतला आणि तो गेला.

पुढच्या थंडीत तो पुन्हा आला. कागद दिल्लीहून परत आला होता.

"तिकडे तो म्हणतो, लग्न झालेलं नाही, मुलंबाळं नाहीत," हवालदार म्हणाला. "इकडे तुम्ही बायको दाखवता, दोन पोरं दाखवता. म्हणजे माणूस वेगळा."

म्हातारी हसायला लागली. "वेगला कसा? लगीन नायच झाला त्याचा. माझा पोरगा खोटा नाय बोलायचा."

हवालदार बाईकडे वळला. "म्हणजे तू त्याची बायको नाहीस?"

"हाय ना."

"मग लग्न झालंय."

"नाय झाला. बाकी हाय."

"कधीपासून बाकी आहे?"

"थोरली शाळेत जाय ना, तिच्या आधीपासून."

"माझा तरी कठं येळंवर झाला," म्हातारी म्हणाली. "त्याचा बाप आन् मी मांडवात बसलो, तवा ह्यो माझ्या मांडीवर रडत होता. विचारा त्याला, तो पन सांगल."

"मावशी, त्याला विचारायचं म्हणजे मला कराचीला जायला लागेल."

"मंग जा ना. तिला पन घेऊन जा."

पाड्यावर हे कोणाला वावगे वाटत नाही. दोन्हीकडची वडीलधारी माणसे एकत्र बसून ताडी प्याली की मुलगी नांदायला येते. ती त्या दिवसापासून बायको. लग्न वेगळे. त्याला मांडव लागतो, लग्न लावणारी धवलेरी लागते, सगळ्या पाड्याला जेवण लागते. ते जमेल तेव्हा होते. बाप आणि मुलगा एकाच मांडवात नवरदेव म्हणून बसल्याची उदाहरणे आहेत. त्यामुळे "बायको आहे का" आणि "लग्न झाले आहे का" हे तिथे दोन प्रश्न आहेत. छापील कागदावर तो एक आहे.

कराचीत नेमके काय घडले ते फेब्रुवारीत समजले. पाकिस्तानने काही खलाशी सोडले आणि त्यांत शेजारच्या पाड्यावरचा एकजण होता. तो याच्याच बराकीत राहून आला होता. त्याने सांगितलेले असे:

"आपल्याच देशाचा साहेब आलेला, भेटायला. चांगला होता. रांगेत एकेकाला विचारायचा. ह्याला विचारलान, शादी हुई है? हा बोलला, बाकी है. साहेब हसला. बोलला, फिकर मत करो, हो जाएगी. आन् फुडल्याला बोलावलान."

"मुलांचं विचारलं नाही?" मी म्हणालो.

"शादी नाय म्हंटल्यावर पोरांचा कोन विचारतो?"

बाई शेजारीच बसली होती. "बारीक झालाय का रं?" तिने विचारले.

"तो आधीच कुठं जाडा होता," तो म्हणाला. मग म्हणाला, "तुझी आठवण काढतो. पोरांची जास्ती."

आता दोन मार्ग होते. एक, लग्न लावून टाकणे. त्याच सुमारास तलासरीत सामुदायिक विवाह सोहळा होता. जोडप्याला भांडी, साडी आणि प्रमाणपत्र मिळणार होते. बाई तिथे जाऊन आली. काय बोलणे झाले ते तिने वाडीत सगळ्यांना करून दाखवले. नोंदणीला बसलेला कार्यकर्ता म्हणाला, नवरा हजर पाहिजे. ती म्हणाली, त्यालाच तर आणायचाय, तुमी कागद द्या, मंग तो हजर होल. तो म्हणाला, असे उलटे चालत नाही. ती म्हणाली, सरळ चालत असता तर तुमच्याकडं कशाला आलते?

दुसरा मार्ग हवालदाराने सांगितला. तिकडे "अविवाहित" लिहिले आहे. इकडेही तेच लिहायचे. बाईने, आपण त्याची बायको नाही, असा जबाब द्यायचा. त्याचे परिणामही त्याने समजावून सांगितले. पकडलेल्या खलाशाच्या बायकोला जी सरकारी मदत मिळू शकते ती तिला मागता येणार नाही. सुटकेचा निरोप म्हातारीला जाईल, तिला नाही. उद्या तिकडे काही बरेवाईट झाले तर कागदावर ती त्याची कोणी नसेल.

"आन् तो येल?" बाईने विचारले.

"येईल असं मी सांगू शकत नाही. कागद जुळेल."

बाईने सासूकडे पाहिले. म्हातारी या वेळी हसली नाही.

"लिवा," बाई म्हणाली. "मी बायको नाय."

हवालदाराने लिहिले. मग पेन थांबवून म्हणाला, "मुलं निरंक."

"म्हंजे?"

"नाहीत असं. तिकडे नाहीत लिहिलंय, इकडे पण नाहीत, की संपलं. कोणी शंका काढणार नाही."

"पोरं लिवा."

"बाई, तेवढ्यासाठी फाईल पुन्हा परत येईल. तुझा माणूस आणखी वर्षभर बसेल तिकडे."

"मला नका लिवू. पोरं लिवा. उद्या पोरं विचारतील, आमी कुनाची रं, तवा तो काय ह्यो कागद दाखवल त्यांना?"

"अगं, कागदावर नाही म्हणून पोरं जातात काय कुठे?"

"मी चालली ना आताच," बाई म्हणाली. "कागदावर."

हवालदार बराच वेळ समजावत होता. तो तिच्या फायद्याचेच सांगत होता. ती हलली नाही. शेवटी त्याने माझ्याकडे पाहिले. "साहेब, तुम्ही पेपरवाले. यांची ही पद्धत काय आहे ती चार ओळींत लिहून द्या. मी जोडतो."

मी लिहिले. जमातीत सहजीवन आधी सुरू होते व विवाहविधी सवडीने होतो. सबब सदर इसम अविवाहित असून त्यास दोन अपत्ये आहेत. दोन्ही विधाने खरी आहेत. हवालदाराने ते दोनदा वाचले. "सबब बरं आहे," म्हणाला. "पण हे रकान्यात बसत नाही." म्हणून तो वेगळा कागद जोडला गेला. बाईने आणि म्हातारीने अंगठे दिले. पाड्यावर ताडी पिऊन कोण बायको ठरते याचा खुलासा अशा रीतीने पालघर, मुंबई आणि दिल्ली करत इस्लामाबादच्या वाटेला लागला.

तो वाटेत असतानाच दोन्ही देशांत लढाई जुंपली. काश्मीरमध्ये पर्यटक मारले गेले होते. त्यानंतर, सुटलेले खलाशी ज्यातून परत येतात ते सीमेवरचे फाटक बंद झाले, व्हिसा रद्द झाले, मग क्षेपणास्त्रे आणि ड्रोन सुरू झाले. आमच्या किनाऱ्यावर समुद्रात न जाण्याच्या सूचना आल्या. तारापूरच्या बाजूला भोंगे वाजवून पाहिले. चिंचणीच्या बाजारात मासळी महागली. डहाणूत ज्यांनी कधी नकाशा उघडला नव्हता ते कोणते विमानतळ उडवायला हवेत ते सांगत होते.

वाडीत माझा भाऊ मोबाईलवर बातम्या लावून बसला होता. चिकूचे खोके भरले जात होते.

"आता एकदाचं सगळं बंद केलं पाहिजे," तो म्हणाला. "पाणी बंद, व्यापार बंद, बोलणं बंद. काही म्हणजे काही ठेवायचं नाही."

बाई खोक्यात गवत घालत होती. "शेठ," ती म्हणाली, "माझा माणूस आल्यावर बंद करा."

भावाने आवाज कमी केला. थोड्या वेळाने तो मला म्हणाला, "तिची ती फाईल कुठपर्यंत आली?" मला माहीत नव्हते. मी तालुक्याला फोन केला; जिल्ह्याला विचारा म्हणाले. जिल्ह्याने मुंबईचे नाव सांगितले. मुंबईतल्या अधिकाऱ्याने, सध्याच्या परिस्थितीत पाकिस्तानशी संबंधित कोणत्याही बाबीवर भाष्य करता येणार नाही, असे सांगितले. मी विचारले, लग्नाच्या बाबीवर? त्यांनी फोन ठेवला.

लढाई काही दिवसांत थांबली. फाटक उघडले नाही. जुलैच्या पहिल्या तारखेला दोन्ही देशांनी नेहमीप्रमाणे कैद्यांच्या याद्या एकमेकांना दिल्या. त्या दिवशी ते बाकी कशावरही बोलत नव्हते.

पावसाळ्यात, आवणी चालू असताना, हवालदार पाड्यावर आला. तो म्हातारीच्या घरी गेला, कारण निरोप तिच्या नावाने होता. म्हातारी शेतात होती. घरात बाई होती. हवालदार दारात उभा राहिला, इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाला, "निरोप तुला देता येत नाही. पण मी मोठ्याने वाचतो."

त्याने वाचले. राष्ट्रीयत्व निश्चित झाले होते.

"पोरं?" बाईने विचारले.

"दोन," हवालदार म्हणाला. "अविवाहित, अपत्ये दोन."

"कधी येल?"

त्याने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

नारळी पौर्णिमेनंतर मुकादमाची गाडी पाड्यावर आली आणि भरून ओख्याला गेली. दिवाळीनंतर बाई नरपडच्या वाडीत कामाला आली. हे लिहीपर्यंत खलाशी कराचीच्या तुरुंगात आहे. सुटकेची तारीख कळवण्यात आलेली नाही.